पन्नाशीनंतर क्ले शूटिंग: ब्रिटनमधल्या मराठी मंडळींकडून वारंवार येणारे प्रश्न

लंडन, स्लाव, लेस्टर, मँचेस्टर अशा ठिकाणी राहणारे मराठी लोक स्पोर्टिंग क्लेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले आहेत. मुलं मार्गी लागलेली, शनिवार-रविवार मोकळे, आणि बंदूक जन्मात कधी हातात घेतलेली नाही. कायद्याची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरती आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

१. स्पोर्टिंग क्ले म्हणजे नक्की काय? ऑलिंपिकमध्ये दिसतं तेच का?

तेच नाही, पण त्याच घरातलं आहे. क्ले म्हणजे यंत्राने उडवलेली ठिसूळ चकती. ती छर्ऱ्यांच्या बंदुकीने, म्हणजे शॉटगनने, फोडायची. ऑलिंपिकमध्ये ट्रॅप आणि स्कीट असतात. तिथे क्ले कुठून आणि साधारण कसा येणार हे ठरलेलं असतं. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये. स्पोर्टिंगमध्ये मात्र मैदानभर वेगवेगळे स्टँड, म्हणजे उभं राहून बार काढायच्या जागा, असतात आणि प्रत्येक स्टँडवर क्ले वेगळा उडतो. एक डोक्यावरून मागून पुढे जातो, एक समोरून अंगावर येतो, एक आडवा पळतो, एक सशासारखा जमिनीवरून उड्या मारत जातो. साधारणपणे क्ले जोडीने येतात: दोन्ही एकदम, किंवा पहिल्या बाराचा आवाज झाल्यावर दुसरा. नेहमीचा क्ले ११० मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याखेरीज ९० मिलिमीटरचा मिडी, ६० मिलिमीटरचा मिनी आणि पातळ चकतीसारखा बाट्यूही असतो. मिनी लांबून येणारा वाटतो पण असतो जवळ, आणि तिथेच नवखा माणूस फसतो.

२. यात पक्षी मारतात का? आम्ही शाकाहारी आहोत.

नाही. क्ले चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच मिसळून बनवतात. स्टँडना तितर, बदक, ससा अशी जुनी शिकारी नावं असतात, कारण हा खेळ इंग्लंडमधल्या शूटिंग स्कूलमध्ये शिकारीच्या सरावातून वाढला. पण आज हजारो लोक आयुष्यभर फक्त क्लेच फोडतात. क्लबात कुणी शिकारीला बोलावलं तर सरळ नाही म्हणा. कुणाला राग येत नाही.

३. माझं वय ६१ आहे. उशीर झाला का?

नाही, आणि हे केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. या खेळात ताकद किंवा धाव लागत नाही. लागते ती नजर, संयम आणि दर वेळी तीच हालचाल तशीच करण्याची सवय. कुवेतचे अब्दुल्ला अल-रशिदी यांनी स्कीटमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक ५२ व्या वर्षी रिओत मिळवलं आणि ५७ व्या वर्षी टोकियोत पुन्हा. ते आयुष्यभराचे नेमबाज आहेत हे खरं, पण वय या खेळाला आडवं येत नाही एवढं त्यावरून कळतं. शॉटगन बाळगायला पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं (प्रश्न १४), त्यालाही वयाची वरची मर्यादा नाही.

उशिरा सुरू करणाऱ्याला वेगळी काळजी घ्यावी लागते ती डोळे, कान आणि खांद्यांची. म्हणून खालची सर्वांत लांब उत्तरं त्यांच्याबद्दल आहेत.

४. लायसन्स नसताना एकदा करून बघता येईल का?

येईल, आणि सुरुवात तशीच करावी. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ११(६) नुसार, पोलिसप्रमुखांनी मंजूर केलेल्या जागी आणि वेळी सर्टिफिकेट नसलेला माणूसही कृत्रिम लक्ष्यांवर शॉटगन चालवू शकतो. मैदानाला फोन करून एवढंच विचारा: तुमच्याकडे ही सूट आहे का? प्रशिक्षक, बंदूक, काडतुसं, कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण तेच देतात. पश्चिम लंडनमधल्या लोकांना नॉर्थोल्टचं वेस्ट लंडन शूटिंग स्कूल जवळ पडतं, सरेकडच्यांना बिस्ली.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्याला तीन महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली आहे त्याला ठरावीक काळ बंदूक हाताळायला कायद्याने बंदी असते, आणि शिक्षा तीन वर्षं किंवा जास्त असेल तर ती बंदी कायमची. कलम ११(६) ची सूट तिथे लागू होत नाही.

५. पहिल्या धड्याला काय घालून जायचं?

घोट्यापर्यंतचे सपाट तळाचे बूट, अंगाबरोबर बसणारं जाकीट, कपाळ झाकणारी टोपी. सैल शाल, ओढणी, लांब माळ नको. पोटात काहीतरी घालून जा.

६. ‘तुमचा प्रमुख डोळा डावा आहे’ असं प्रशिक्षकाने सांगितलं. मी तर उजव्या हाताने सगळं करते. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बायकांकडून विशेष. शॉटगनला मागची साइट (नेम जुळवायची खूण) नसते. तुमचा डोळाच मागची साइट असतो. बंदूक उजव्या खांद्याला आणि मेंदू ऐकतोय डाव्या डोळ्याचं, तर बार क्लेला चुकवून बाजूने जातो आणि का चुकतंय ते कळत नाही.

घरी तपासायचं तर दोन्ही हात लांब करून बोटांमध्ये छोटा त्रिकोण करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू बघा. मग एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू त्रिकोणातच राहते, तो प्रमुख. वयानुसार हे बदलू शकतं. काहींचा एकही डोळा पूर्ण प्रमुख नसतो. त्यामुळे तिशीत कुणी काही सांगितलं असेल तर पुन्हा तपासून घ्या.

उपाय तीन आहेत. पहिला, डाव्या खांद्यावरून शिकणं. ज्याला मोडायला जुन्या सवयीच नाहीत, म्हणजे अगदी नवख्याला, हा सर्वांत चांगला, आणि साठीतही जमतो. दुसरा, नेमबाजीच्या चष्म्यावर डाव्या काचेवर नेमक्या जागी धुरकट टेपचा छोटा तुकडा. नजर रुंद राहते, फक्त नळी दिसायची थांबते. तिसरा, चाप ओढण्याआधी डावा डोळा मिटणं. सोपा आहे, पण अंतराचा अंदाज कमी होतो. टेप कुठे लावायची हे प्रशिक्षकालाच ठरवू द्या.

७. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. चालेल?

चालेल, पण अडेल. बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकला की डोकं थोडं पुढे झुकतं आणि आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल काचांचा तो भाग त्यासाठी केलेला नसतो. वर फ्रेमची कडा मध्ये येते. मग माणूस नकळत डोकं उचलतो आणि बार वरून जातो.

ऑप्टिशियनला फक्त दूरच्या नंबरचा, एकाच पॉवरचा, नाकावर उंच बसणारा चष्मा मागा. काचा न फुटणाऱ्या हव्यात, कारण क्लेचे तुकडे उडतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर बंदुकीचा धक्का कधीपासून चालेल ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. अनेकांना शस्त्रक्रियेनंतर क्ले आधीपेक्षा स्वच्छ दिसतो. त्यानंतर प्रश्न ६ मधली तपासणी मात्र पुन्हा करा.

८. एनसीसीत रायफल चालवली होती. उपयोग होईल?

शिस्तीचा होईल. नळी कुठे रोखायची, चापावर बोट कधी न्यायचं, हुकुमाशिवाय काही करायचं नाही, हे ज्याच्या अंगात मुरलंय तो पहिल्या दिवसापासून सुरक्षित असतो. मात्र नेम धरण्याची सवय सोडावी लागेल. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवलं तो रायफलचा प्रकार स्थिरतेचा आहे: श्वास रोखायचा, शरीर थांबवायचं, साइट जुळवायची. शॉटगन चालती राहिली पाहिजे. बार झाल्यावरही ती थांबता कामा नये.

आणि नजर नळीवर नव्हे, क्लेवर. फलंदाज चेंडू बघतो, बॅटकडे बघत नाही. बॅट आपोआप तिथे जाते. इथेही तसंच आहे. नळीच्या टोकावरचा मणी तपासायला नजर मागे आली की बंदूक थांबते आणि छर्रे क्लेच्या मागून जातात. नवख्यांचे निम्म्याहून जास्त बार मला तरी याच कारणाने चुकताना दिसतात.

९. क्लेच्या किती पुढे मारायचं?

हिशेब सोपा आहे. ताशी ६५ किलोमीटरने आडवा जाणारा क्ले सेकंदाला १८ मीटर जातो. ३० मीटरवर पोचायला छर्ऱ्यांना सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे जवळपास १.८ मीटर पुढे. समोरून सरळ येणाऱ्याला किंवा सरळ दूर जाणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही.

पण स्टँडवर उभं राहून मीटर मोजता येत नाहीत. त्यासाठी तीन रीती आहेत: मागून येऊन क्लेला ओलांडत बार काढणं, क्लेवर बंदूक लावून मग पुढे ओढणं, किंवा पहिल्यापासून ठरावीक अंतर पुढे ठेवून चालणं. प्रशिक्षक एक शिकवेल. पहिलं वर्षभर तीच ठेवा. क्लबातले भले लोक प्रत्येक चुकीनंतर वेगवेगळी रीत सुचवतात. त्यांचे आभार माना आणि आपल्या प्रशिक्षकाचंच ऐका.

१०. खांदा दुखतो. धक्का कसा कमी करायचा?

आधी बंदूक अंगाला बसते का ते बघा. बहुतेक निळे डाग न बसणाऱ्या बंदुकीचे असतात. दस्ता दंडावर न टेकता खांद्याच्या खोबणीत आणि गाल दस्त्यावर घट्ट हवा.

मग काडतूस. इंग्लिश स्पोर्टिंगमध्ये २८ ग्रॅम ही छर्ऱ्यांची वरची मर्यादा आहे, पण सरावाला २१ किंवा २४ ग्रॅम पुरतात. शिकण्याच्या अंतरावर २१ ग्रॅमनेही क्ले नीट फुटतो. त्यानंतर बंदुकीचं वजन. हलकी बंदूक हाताला बरी वाटते, पण धक्का जास्त देते. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकचा धक्का सर्वांत मऊ असतो, आणि ज्यांचे सांधे दुखतात त्यांनी ती जरूर चालवून बघावी. तिची अडचण एवढीच की उघडी आहे की नाही हे दुरून दिसत नाही. म्हणून स्टँडबाहेर तिच्यात रंगीत फ्लॅग घालून फिरायचं.

आणि शंभर क्लेचा हट्ट सोडा. पन्नास नीट मारा आणि चहा प्या. थकलेला माणूस धक्क्याच्या भीतीने आधीच आक्रसतो, आणि ती सवय लागली की सुटायला महिने जातात.

११. पेसमेकर आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, मधुमेह आहे. मग?

तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पेसमेकर सहसा डाव्या छातीत बसवतात, त्यामुळे उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याला थेट धक्का बसत नाही. पण डावखुऱ्यांनी, आणि प्रश्न ६ मुळे डाव्या खांद्यावर गेलेल्यांनी, कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही बार काढू नये. वारंवार बसणाऱ्या धक्क्याने यंत्राच्या तारांना इजा होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर डाग मोठे पडतात, म्हणून खांद्याला जेलचा पॅड लावा आणि हलकं काडतूस वापरा. मधुमेह असलेल्यांनी साखर उतरत असल्याचं वाटताच बंदूक उघडून, रिकामी करून स्टँडबाहेर यावं. सोबतच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

१२. कानात श्रवणयंत्र आहे. ते ठेवून वर मफ घालू का?

मफ घालाच. शॉटगनच्या बाराचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो आणि १४० च्या पुढचा एकच धमाका कायमची इजा करू शकतो. श्रवणयंत्र हे संरक्षण नव्हे. ते काढून इलेक्ट्रॉनिक मफ घालणं बहुतेकांना सोयीचं पडतं: बोलणं ऐकू येतं, बार दबतो. यंत्र ठेवून मफ घालायचा असेल तर ऑडिऑलॉजिस्टला विचारा. आणि नुसतं बघायला आलेल्या नातवंडांचेही कान झाका.

१३. बंदूक कधी आणि कोणती घ्यावी?

घाई नको. आधी धडे, मग सर्टिफिकेट, मग बंदूक. पाच-सहा धडे झाल्यावर आपल्याला काय बसतं ते कळू लागतं. महाग बंदुकीपेक्षा साधी पण बसणारी बंदूक जास्त क्ले फोडते. उरलेले पैसे धड्यांवर घाला.

पहिली बंदूक म्हणून १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप), एकावर एक नळ्यांची वापरलेली स्पोर्टर बहुतेकांना योग्य. विकत घेण्याआधी गन-फिटरकडून माप घ्या. दुकानातल्या दस्त्याची लांबी साडेचौदा इंचांच्या आसपास असते आणि ती उंच इंग्रज पुरुषाच्या हिशेबाने ठरलेली आहे. आपल्यापैकी अनेकांना, विशेषतः बायकांना, ती लांब पडते. दस्ता कापून घेता येतो, आणि गाल टेकायची कडा वरखाली होणारा दस्ताही मिळतो. माप घेताना नेहमीचं जाकीट अंगात असू द्या. जाड हिवाळी कोटाने तोच दस्ता आणखी लांब होतो.

२० बोअरला ‘बायकांची बंदूक’ म्हणतात ते मनावर घेऊ नका. ती हलकी असते, म्हणून धक्का उलट जास्त वाटू शकतो (प्रश्न १०). घरात १२ आणि २० दोन्ही असतील तर दोन्हींची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत सरकून पुढे अडकतं. त्यामागे १२ चं भरून चाप ओढला तर नळी फुटते.

१४. सर्टिफिकेट कसं मिळतं? ब्रिटिश नागरिकत्व लागतं का?

अर्ज स्थानिक पोलिसांकडे करायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या शॉटगन सर्टिफिकेटची फी १९४ पौंड झाली. ते पाच वर्षं चालतं. फोटो, तुम्हाला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या दोन रेफरींची (तुमच्याबद्दल खात्री देणाऱ्यांची) माहिती आणि जीपीने, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरने, भरलेला वैद्यकीय फॉर्म लागतो. जीपी त्याचे वेगळे पैसे घेतो. मग पोलीस अधिकारी घरी येऊन बोलतो आणि बंदुकीच्या कुलूपबंद कपाटाची जागा बघतो. क्लबचं सभासदत्व आणि धड्यांच्या पावत्या दाखवता आल्या तर बोलणं सोपं होतं.

कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. पण अलीकडेच भारतातून आला असाल तर तिथल्या पोलीस क्लिअरन्सची विचारणा होऊ शकते, म्हणून ते आधीच मागवून ठेवा.

१५. काही वर्षांपूर्वी डिप्रेशनच्या गोळ्या घेत होतो. लिहायलाच हवं का?

हो, लिहा. जीपीच्या फॉर्मवर ते दिसणारच आहे. बरा झालेला किंवा नीट उपचार चालू असलेला आजार म्हणजे आपोआप नकार नव्हे. लपवलेला आजार मात्र नकाराचं कारण ठरतो, कारण खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे मनाच्या आजाराबद्दल बोलायची लाज वाटते हे मला माहीत आहे. इथे ती बाजूला ठेवा. आणि पुढे कधी मन ढासळलं तर बंदूक काही काळ डीलरकडे ठेवता येते. हे ज्याने स्वतःहून केलं त्याचा मला आदर वाटतो.

१६. कपाटाची किल्ली बायकोला माहीत असली तर चालेल ना?

तिचं स्वतःचं सर्टिफिकेट नसेल तर नाही. ज्याला परवानगी नाही त्याच्या हाती बंदूक लागू नये, ही सर्टिफिकेटची अट आहे, आणि ती घरच्यांनाही लागू आहे. देवघराच्या खणात किल्ली ठेवणं म्हणजे ती सगळ्यांना देणंच. अनेक जोडपी म्हणूनच दोघांची सर्टिफिकेटं काढतात.

मित्राला बंदूक नेऊन वापरायला द्यायची असेल तर त्याच्याकडेही सर्टिफिकेट हवं. ७२ तासांपर्यंत दिलेली बंदूक पोलिसांना कळवावी लागत नाही, त्यापुढे लागते.

१७. काडतुसं कुठली घ्यायची? शिशावर बंदी येणार म्हणतात.

क्लेसाठी साडेसात किंवा आठ नंबरचे छर्रे घ्या. २८ ग्रॅमच्या साडेसात नंबरच्या काडतुसात ते सुमारे ४०० असतात. अनेक मैदानांवर प्लॅस्टिकचा वॉड (काडतुसातली छर्ऱ्यांमागची डट्टी) चालत नाही, फायबरचाच लागतो, म्हणून जाण्याआधी विचारा. शिशाचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये सरकारने बंदी जाहीर केली आहे, आणि ती तीन वर्षांच्या संक्रमण-मुदतीनंतर लागू व्हायची आहे. आज बंदूक घेणाऱ्याने ती स्टीलच्या छर्ऱ्यांना चालते का हे गनस्मिथकडून बघून घ्यावं.

१८. चाप ओढला आणि बार झालाच नाही, किंवा नुसता ‘फुस्स’ आवाज आला. काय करू?

बार झाला नाही तर नळी मैदानाकडेच रोखून निदान ३० सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. मग उघडा. ‘फुस्स’ झालं तर लगेच थांबा, बंदूक उघडून रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. वॉड आत अडकला असेल आणि तुम्ही पुढचा बार काढला तर नळी फुटेल. मागे रांग लागली आहे म्हणून संकोचू नका. अशा वेळी थांबणाऱ्याला कुणीही नावं ठेवत नाही.

१९. दसऱ्याला बंदुकीची पूजा करता येईल?

करावी, मला ते फार आवडतं. बंदूक कपाटातून सर्टिफिकेटधारकाने स्वतः काढावी, उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपातच ठेवावीत. हळद-कुंकू दस्त्याच्या लाकडावर बोटभर लावा. पाणी, अक्षता, फुलं यातलं काहीही नळीत किंवा यंत्रणेत जाऊ देऊ नका. आपट्याची पानं शेजारी ठेवा. पाहुण्यांच्या हातात बंदूक देऊ नका, ती सोडून पुरणपोळीला उठू नका, आणि फोटो टाकायचाच असेल तर पत्ता कळेल असं काही त्यात येऊ देऊ नका. नंतर तेलाच्या फडक्याने पुसून कपाटात.

२०. आई-बाबा पुण्याहून आले आहेत. त्यांना घेऊन जाऊ का?

जरूर. प्रश्न ४ मधली सूट पाहुण्यांनाही लागू आहे. मैदानाला वय आणि गुडघ्यांची स्थिती आधी सांगा. बसून मारण्याची सोय काही ठिकाणी करतात.

२१. भारतात जाताना काही काळजी घ्यायची का?

घ्यायचीच, आणि हे उत्तर छापून बॅगेवर चिकटवलं तरी चालेल. शूटिंगला वापरलेली पिशवी किंवा जाकीट प्रवासाला नेऊ नका. खिशात विसरलेलं एक जिवंत काडतूस भारतीय विमानतळाच्या तपासणीत सापडलं तर आर्म्स ॲक्ट, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो. ‘माहीत नव्हतं’ हे न्यायालयात मान्य होऊ शकतं, पण तिथपर्यंत पोचायला वकील, तारखा आणि हुकलेली विमानं असतात. रिकामी टरफलंसुद्धा आठवण म्हणून नेऊ नका. दुसरी पिशवी मिळतच नसेल तर ही पूर्ण उलटी करून झटका, अस्तराच्या फाटलेल्या शिवणीत बोट घालून बघा आणि जाकिटाचे आतले खिसेही तपासा.